स्क्रीनला कुलूप, फाइली उघड्याच

बदलापूरला राहून मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या काही लहान युनिटांचे आणि उल्हासनगरच्या बाजारातल्या काही पेढ्यांचे हिशेब बघते. जीएसटी, टीडीएस, पगारपत्रक, सगळंच. या पट्ट्यातल्या कुठल्याही दुकानात शिरलं की काउंटरमागे एक कॉम्प्युटर असतो आणि तो निदान चार जणांच्या हाताखालचा असतो: शेठ, त्यांचा मुलगा, बिलं फाडणारा पोरगा आणि महिन्यातून काही वेळा मी. म्हणूनच त्याला कुलूप घालावंसं प्रत्येकाला वाटतं, आणि ते रास्तच आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या एका जीन्सवाल्या शेठनी असंच एक लॉकचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. कॉम्प्युटर सुरू केला की क्षणभर डेस्कटॉप दिसायचा आणि मग पूर्ण पडदाभर झुलेलालचं चित्र, खाली पासवर्डची चौकट. “मॅडम, अपना माल एकदम सेफ है,” असं ते मनापासून म्हणायचे. विंडोजला मात्र पासवर्ड नव्हता. दोन-दोन पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, म्हणून तो काढून टाकलेला.

पावसाळ्यात त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. जीएसटीचं रिटर्न वीस तारखेच्या आत भरायचं होतं, म्हणून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा काढून आणायला दुरुस्तीवाल्याकडे मीच गेले. त्याने कॅबिनेट उघडलं, डिस्क काढली, एका छोट्या ॲडॉप्टरला लावली आणि वायर स्वतःच्या मशीनमध्ये खुपसली. ‘या फोल्डरची तुम्हाला परवानगी नाही’ असा निरोप आला. त्याने ‘कंटिन्यू’ दाबलं. काही सेकंदांत शेठचा सगळा डेस्कटॉप समोर: कारागिरांची आधार कार्डं, घरच्यांचे पासपोर्ट, कोऱ्या चेकचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स आणि ‘पासवर्ड’ याच नावाची एक एक्सेल फाइल. लॉकचा पासवर्ड शेठना फोन करून विचारू का, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, “कशाला मॅडम? ते लॉक विंडोज सुरू झाल्यावर येतं. आपण त्यांचं विंडोज सुरूच केलं नाही.”

माणूस सरळ होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याने फक्त टॅलीचं फोल्डर कॉपी करून दिलं. पण शेजारच्या स्टुलावर आणखी एक गिऱ्हाईक बसलं होतं, आणि स्क्रीन त्याच्याकडेही तेवढीच वळलेली होती.

त्याच्या त्या एका वाक्यात सगळी गोम आहे. लॉकचं सॉफ्टवेअर हा विंडोजवर चालणारा एक साधा प्रोग्रॅम. तो स्क्रीन झाकतो, फाइलींना हातही लावत नाही. दुकानाचं शटर ओढलेलं आणि मागची भिंतच नाही, असा तो प्रकार. डिस्क काढायचीही गरज पडत नाही. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट केलं की सेफ मोडपर्यंत जाता येतं, तिथे असले बाहेरचे प्रोग्रॅम सहसा सुरूच होत नाहीत, आणि विंडोजला पासवर्ड नसेल तर सरळ डेस्कटॉप उघडतो. फोल्डर लॉक म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू तर फोल्डर नुसतं लपवतात. त्यातही फुकटात टाकून मिळणारी, क्रॅक केलेली लॉक सॉफ्टवेअरं मला सगळ्यात घातक वाटतात. ती टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि ॲडमिनचे हक्क मागतात. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर असं काही येऊच देऊ नये.

मग करायचं काय? आधी हे ठरवा, की कोणापासून जपायचंय. काउंटरवरचा पोरगा किंवा घरातलं लेकरू यांच्यापासून जपायचं असेल तर बाहेरून काहीच आणायला नको. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं काढा, मालकाचं ॲडमिन आणि बाकीच्यांचं साधं, प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायची सवय लावा. चहाला जाताना हे हटकून विसरलं जातं, म्हणून काही मिनिटांनी आपोआप लॉक होईल अशी सेटिंगही करून ठेवा. आणि आमच्या धंद्यातली एक कळकळीची गोष्ट: डिजिटल सहीचं टोकन यूएसबीत तसंच ठेवून त्याचा पिन मॉनिटरला चिकटवू नका. ती तुमची सही आहे. ती कुठल्या कागदावर उमटेल याचा नेम नाही.

चोर आणि दुरुस्तीचं टेबल ही वेगळी बाब. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये रॅकवर एकावर एक लॅपटॉपच्या बॅगा रचलेल्या असतात आणि ठाण्याला उतरणाऱ्या गर्दीत कोणी कोणती उचलली हे कळत नाही. तिथे विंडोजचा पासवर्डही पुरत नाही, कारण डिस्क बाहेर काढली की तोही मागेच राहतो. तिथे लागतं एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं अक्षर न् अक्षर किल्लीशिवाय वाचताच येऊ नये अशी सोय. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्याला बिटलॉकर म्हणतात. होम आवृत्तीतही बऱ्याच नव्या लॅपटॉपवर सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सापडतं. ते नसेल तर व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर आहे, मात्र ते जाणत्याकडून बसवून घ्या.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनसोबत ४८ आकड्यांची एक रिकव्हरी की येते. मदरबोर्ड बदलला, कधी बायॉस अपडेट झालं, की कॉम्प्युटर ती मागतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले पुष्कळ विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तेव्हा अनेक कंपन्यांना एकेका मशीनसाठी हीच की शोधत बसावं लागलं होतं. आपल्याकडे यात वेगळीच एक मेख आहे. नवा लॅपटॉप घेताना दुकानातला मुलगा “मी सेट करून देतो” म्हणतो आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याला स्वतःचा नाहीतर दुकानाचा ईमेल घालून मोकळा होतो. नव्या विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप सुरू होतं आणि की जाते त्याच खात्यात. म्हणजे तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्याकडे, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. अंबरनाथच्या एका युनिटमध्ये मी हे स्वतः पाहिलंय. लॅपटॉप घेतला असेल तर आजच खातं कोणाच्या ईमेलवर आहे ते बघा. आपलं नसेल तर आपल्या ईमेलने खातं जोडा, जुनी की निकामी व्हावी म्हणून एन्क्रिप्शन एकदा बंद करून पुन्हा सुरू करा, आणि मग नवी की छापून घ्या.

दुरुस्तीला देताना पंखा किंवा स्क्रीनचंच काम असेल तर डिस्क काढून घरी ठेवता येते. डिस्क बदलली तर जुनी मागून घ्या, दुकानात सोडू नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून बरेच जुने कॉम्प्युटर मोडीत निघतायत. फाइली नुसत्या डिलीट करून ते देऊ नका. ‘रीसेट धिस पीसी’मध्ये डिस्क साफ करण्याचा पर्याय असतो, तो निवडा, वेळ लागला तरी. आणि कोणी परवानगीशिवाय तुमचा डेटा काढलाच, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा होऊ शकतो. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

कुलूप वाढवताना बॅकअप विसरू नका. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, २०१९ मध्ये पुन्हा शिरलं. तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड आहे की नाही हे पाणी विचारत नाही. एक एन्क्रिप्ट केलेली बाहेरची डिस्क वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी हवी.

उलट बाजूही मी पाहिलीय. अंबरनाथच्या एका वर्कशॉपचे मालक अचानक गेले. त्यांनी टॅलीला टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे हिशेबाचा डेटाच एन्क्रिप्ट करणारा, पासवर्ड घातला होता. तो विसरला तर डेटा परत मिळवायची सोय टॅलीतच नाही. कोणाकडून किती येणं आहे ते वहिनींना ठाऊक नव्हतं. बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि चलनांच्या गठ्ठ्यावरून आम्ही ते पुन्हा उभं केलं, तरी काही येणी बुडाली ती बुडालीच.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पक्षकाराला मी रिकव्हरी की आणि टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड कागदावर लिहून पाकीट बंद करायला लावते. एक पाकीट घरच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरं ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या घरी. मी माझ्याकडे ठेवत नाही. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलायचं, आणि ३१ मार्चचा बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर, त्या कागदावरचाच पासवर्ड टाकून, उघडून बघायचा.