ईमेलचे दप्तर : जतन, सूची आणि न्यायालय

जुन्या पेढीवर बारनिशीची वही असे. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पत्राची क्रमांक, तारीख व विषय घालून तीत नोंद होई. त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वीचे पत्रही मुनीम घटकाभरात काढून देत. आज भाव, मालाची तक्रार, उधारीची मुदत हे सारे ईमेलवर ठरते. परंतु त्याची बारनिशी क्वचितच आढळते. ही उणीव दाव्याच्या वेळी कशी बाधते व ती कशी दूर करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ईमेलमधील शब्द कायद्याने बांधतो. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदान्त ॲल्युमिनियम या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, औपचारिक करारपत्र झाले नसतानाही, ईमेलच्या देवघेवीतून करार पूर्ण झाल्याचे मान्य केले. पुढे २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचा ११ वा आदेश अशा दाव्यांपुरता बदलला. २०१८ पासून किमान ३ लाख रुपयांचे व्यापारी तंटे या कायद्याखाली येतात. वादीने दाव्यासोबत व प्रतिवादीने कैफियतीसोबत, आपल्या ताब्यातील संबंधित सर्व कागदपत्रे शपथेवर उघड करावयाची असतात. मग ती स्वतःस अनुकूल असोत वा प्रतिकूल. जे उघड केले नाही, त्याचा आधार पुढे न्यायालयाच्या परवानगीवाचून घेता येत नाही. समजा, माल पसंत असल्याचे गिऱ्हाइकाचे उत्तर नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या खाजगी खात्यात राहिले, तर सत्य पक्ष असूनही हात रिकामेच.

पत्र सापडणे पुरेसे नाही. ते शाबीत करावे लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे छापील प्रतीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते : एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात नोंदीचे ‘हॅश मूल्य’ लिहावयाचे असते. हे गणिताने काढलेले एक प्रकारचे ठसेच होत. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ते निराळे येते. म्हणून ईमेल छापून वा दुसऱ्यास पाठवून मूळ पुसून टाकू नये. कोणत्या मार्गाने व किती वाजता पत्र आले, हे सांगणारा छुपा शिरोभाग मूळ फाइलीतच असतो.

आता सूचीविषयी. संगणक पुस्तकाच्या शब्दसूचीप्रमाणे कोणता शब्द कोणत्या पत्रात आहे, याची नोंद ठेवतो. परंतु ‘शहा’, ‘शाह’ आणि रोमन लिपीतील त्याचीच रूपे त्यास भिन्न वाटतात. तसेच बिलाचे नुसते छायाचित्र जोडले असल्यास त्यातील अक्षरे वाचून घेतल्याशिवाय ती शोधात येत नाहीत. यास्तव प्रत्येक ईमेलच्या विषयात खतावणीतील खाते क्रमांक व बिल क्रमांक घालण्याची शिस्त ठेवावी. व्यवहार पेढीच्याच पत्त्यावरून करावा. प्रत्येक आवक-जावक पत्राची प्रत, कोणासही खोडता येणार नाही अशा स्वतंत्र संग्रहात आपोआप जावी.

जतनाची मुदत किती? पैशाच्या दाव्यास सामान्यतः ३ वर्षे. वस्तू व सेवा कराच्या हिशेबास वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. कंपनीच्या हिशेबवह्यांस ८ वर्षे. तेव्हा संबंधित पत्रव्यवहार ८ वर्षे ठेवणे हेच शहाणपणाचे. मात्र तंटा दिसू लागताच त्या खात्याची सर्व पत्रे, मुदत संपली असली तरी, तशीच राखावी. हाती असलेला पुरावा दडविल्यास तो आपल्याविरुद्धच असावा, असे अनुमान न्यायालय काढू शकते.

प्रतिवर्षी वहीपूजनाच्या सुमारास सभासद बंधूंनी एक सोपी परीक्षा घ्यावी : दोन वर्षांपूर्वीचे कोणतेही एक बिल निवडून त्यासंबंधीची सर्व ईमेल मागवावीत. ती तासाभरात पुढे आली, तर दप्तर ठीक आहे असे समजावे. न आल्यास बारनिशी त्याच दिवशी सुरू करावी.