हौशी कोडरसाठी साइट काढताय? आधी गिऱ्हाईक ठरवा, मग डोमेन घ्या



आजचा धडा थोडा वेगळा आहे. एरवी आपण दुकान, हिशोब, जाहिरात, उधारी यांवर बोलतो. पण आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातले बरेच जण विचारतात, "सर, मला कोडिंगची आवड आहे. माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी एक साइट काढायचीय. कुठून सुरुवात करू?" यातल्या बहुतेकांनी डोमेनचं नाव आधीच शोधलेलं असतं. लोगोसुद्धा तयार असतो. फक्त साइट कुणासाठी आहे, ते ठरलेलं नसतं.

म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

कॅम्प ४ मधला एक मुलगा माझ्याकडे आला होता. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात कामाला. पीसवर मजुरी, मध्येच घेतलेली उचल, आठवड्याच्या शेवटी हिशोब. दर वेळी हिशोबात गोंधळ व्हायचा, म्हणून त्यानं मोबाइलवर पायथन शिकून स्वतःसाठी छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. दर गुणिले नग, वजा उचल. एवढंच. पण प्रोग्राम चालेना. एका फोन-ग्रुपवर त्यानं विचारलं, तर उत्तर आलं, "गुगल कर ना." दुसऱ्यानं हसण्याची चित्रं टाकली. त्यानं ते ॲप काढून टाकलं आणि आठ महिने कोडिंगचं नाव काढलं नाही. मला म्हणाला, "आपलं डोकं नाही सर त्यात."

मी त्याचा कोड बघितला. चूक एकच होती. कीबोर्ड मराठीत होता, त्यामुळे दर थेट कोडमध्ये '४५' असा देवनागरी अंकांत लिहिला गेला होता. पायथनला ते चालत नाही, लगेच एरर येते. दोन मिनिटांचं काम! गंमत म्हणजे प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्यानं तेच ४५ देवनागरीत टाइप केलं, तर पायथन ३ मधलं 'इंट' हे फंक्शन त्याचा व्यवस्थित आकडा करून देतं. म्हणजे मुलगा काही मूर्ख नव्हता. ही अडचण मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यालाच येणार, आणि तिचं उत्तर मराठी कीबोर्ड वापरणाराच पटकन देणार.

तुमची साइट या मुलासाठी आहे का? असेल, तर पुढचं सगळं नियोजन त्याच्याकडे बघून करायचं. नसेल, तर ती कुणासाठी आहे ते आज ठरवा.

पायरी १: 'सगळ्यांसाठी' हे उत्तर खोडून टाका

आपल्या गावाचंच बघा. कपडा घ्यायचा तर माणूस गजानन मार्केटला जातो, फर्निचरसाठी फर्निचर मार्केटला. "सगळं मिळेल" अशी पाटी लावलेल्या दुकानात नेमकं काय घ्यायला जायचं, ते कुणालाच कळत नाही.

चाललेल्या साइट्स बघा. 'स्क्रॅच' २००७ साली अमेरिकेच्या एमआयटी मीडिया लॅबमधून लोकांसमोर आलं. त्यांनी मुख्यतः ८ ते १६ वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवली. म्हणून तिथे टायपिंग जवळजवळ नाही, रंगीत ठोकळे जोडायचे. ही सोय वयावरून ठरली. आपली 'मायबोली' १९९६ पासून आहे. घरापासून लांब राहणाऱ्या मराठी माणसाला मराठीत बोलायला जागा हवी होती, ती तिनं दिली. दोन्हीकडे आधी माणूस ठरला.

आपल्या भागात हौशी कोडर साधारण चार प्रकारचे सापडतात:

१. शाळेतली मुलं. त्यांना गेम बनवायचा असतो.
२. नोकरी किंवा कारखाना सांभाळून शिकणारे. त्यांना स्वतःचं एखादं काम सोपं करायचं असतं.
३. डिप्लोमा, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. ते हौस म्हणतात, पण मनात प्लेसमेंट असते.
४. दुकानदार, निवृत्त माणसं. वेळ आहे, उत्सुकता आहे, पण विचारायला लाजतात.

यातला एक निवडा. बाकीच्यांना हाकलायचं नाही, आले तर स्वागतच. पण निर्णय घेताना डोळ्यांसमोर एकच माणूस हवा. या धड्यापुरता मी क्रमांक २ घेतो.

पायरी २: त्याचा दिवस कागदावर लिहा

फॉर्म भरून घेऊ नका. पाच जणांना चहाला बोलवा आणि विचारा: घरी किती वाजता येता? कॉम्प्युटर आहे का? इंग्रजी वाचता येतं की नुसतं ओळखता येतं? शेवटचं कधी अडकलात, आणि तेव्हा काय केलंत?

समजा उत्तर असं आलं: रात्री नऊला घरी, जेवण झाल्यावर चाळीस मिनिटं मोकळी, हातात मोबाइल, खोलीत बाकीचे झोपलेले. आता या चार गोष्टींतून निर्णय आपोआप निघतात.

- फक्त मोबाइल, म्हणजे पान छोट्या स्क्रीनवर नीट दिसलं पाहिजे. कोडच्या ओळी आखूड हव्यात, आडवं सरकवायला लागू नये.
- चाळीस मिनिटं, म्हणजे एक धडा पंचवीस मिनिटांत संपला पाहिजे. उरलेली पंधरा अडकण्यासाठी!
- घरचे झोपलेले, म्हणजे सगळं ज्ञान व्हिडिओत कोंबू नका. मी स्वतः व्हिडिओवाला असून सांगतोय. लिहिलेला धडा हवाच.
- दिवसभराचा थकवा, म्हणजे खातं उघडल्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

पायरी ३: भाषा कुठली?

इथे एक चांगला नमुना आपल्या जवळच आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. पायथन, सी, जावा, लिनक्स, लिब्रेऑफिस अशा विषयांचे साधारण दहा मिनिटांचे धडे. त्यात आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो, पण स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच ठेवलंय. का? शिकणाऱ्याला समजावं मातृभाषेत, पण उद्या कामावर जे बटण दिसणार आहे, त्याची ओळखही आजच व्हावी.

हाच नियम उचला. समजावणं मराठीत, पण एरर जशी येते तशीच इंग्रजीत दाखवा आणि तिचा अर्थ खाली मराठीत सांगा. 'व्हेरिएबल', 'लूप', 'फंक्शन' हे शब्द तसेच राहू द्या. 'चल' आणि 'आवर्तन' लिहिलंत, तर आपला नऊ वाजता घरी आलेला माणूस तिथेच थांबेल.

आणि हो, आपलं गाव सिंधी, मराठी, हिंदी असं मिसळीचं आहे. प्रश्न विचारणाऱ्यानं कुठल्या भाषेत, कुठल्या लिपीत विचारावं यावर बंधन नको. उत्तर देणाऱ्यानं मात्र साधं मराठी किंवा हिंदी वापरावं.

पायरी ४: दुसरीकडे न मिळणारं काय देणार?

पायथनचे इंग्रजी धडे ढिगानं आहेत. त्यांचं भाषांतर करत बसलात तर तुमची साइट कायम मागे राहील. तुमच्या माणसालाच जे लागतं ते द्या. काही कल्पना:

- पीसच्या मजुरीचा हिशोब. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, म्हणून 'दर', 'नग', 'उचल' अशी नावं देऊन लिहा. पहिला प्रोग्राम वाचताच कळतो.
- 'कॅम्प' या शब्दाची लांबी पायथनला विचारा. आपण अक्षरं मोजली तर 'कॅ' आणि 'म्प' अशी दोन. पायथन सांगतो ५! कारण तो क, ॅ, म, हलन्त आणि प असे वेगवेगळे मोजतो. मराठी नावांची यादी छापताना रांगा का वाकड्या येतात, याचं एक मोठं कारण इथे सापडतं.
- भिशीचा हिशोब, सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी, दुकानाची उधारी.

असे दहा धडे तयार झाल्याशिवाय साइट उघडू नका. रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

पायरी ५: पहिल्या प्रश्नाचं काय होणार?

मला विचाराल तर साइटचं भवितव्य इथेच ठरतं. हौशी माणसाला नोकरीची सक्ती नाही, परीक्षेची भीती नाही. एकदा अपमान झाला की तो निघून जातो, आणि का गेला तेही सांगत नाही.

'स्टॅक ओव्हरफ्लो' ही प्रोग्रामरांची जगातली सगळ्यात प्रसिद्ध प्रश्नोत्तरांची जागा २००८ साली सुरू झाली. व्यावसायिक आणि हौशी अशा दोन्ही प्रोग्रामरांसाठी. तिथले नियम कडक, त्यामुळे उत्तरांचा दर्जा उत्तम. पण २०१८ साली त्यांनीच जाहीरपणे मान्य केलं की बऱ्याच जणांना, विशेषतः नवख्यांना, ही जागा आपली वाटत नाही, हे बदलायला हवं. यातून धडा एवढाच: उत्तरांचा साठा जपणं आणि नवख्या माणसाला जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींपैकी आधी काय, ते तुम्ही ठरवायचं. आपण क्रमांक २ चा माणूस निवडलाय, म्हणून आधी माणूस.

तीन नियम पुरेत:

१. प्रत्येक दिवसाची पाळी ठरलेली. ज्याची पाळी, त्यानं २४ तासांत निदान "बघतो, कोड पाठवा" एवढं तरी लिहायचं.
२. "गुगल कर" हे उत्तर नाही. शोधून मिळत असेल तर शोधून द्या, आणि काय शोधलंत तेही सांगा.
३. तोच प्रश्न पुन्हा आला तर रागवायचं नाही. जुनं उत्तर द्या आणि त्याचा धडा करून पहिल्या पानावर लावा. जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, तीच तुमच्या गिऱ्हाइकाची मागणी.

पाळीसाठी सात माणसं नाहीत? मग प्रश्न घेऊ नका, फक्त धडे ठेवा. न पाळलेल्या वचनापेक्षा न दिलेलं वचन बरं.

पायरी ६: खर्च आणि माहिती

नुसती धड्यांची पानं असतील तर गिटहब पेजेससारख्या जागी ती फुकट ठेवता येतात. पैसे लागतात ते मुख्यतः डोमेनला, दरवर्षी. देवनागरीत '.भारत' हे डोमेन २०१४ पासून मिळतंय, तेही चांगलं. पण आपला माणूस पत्ता टाइप करत नाही, मित्रानं पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवतो. म्हणून नावावर महिना घालवू नका.

सभासदांचा फोन नंबर, जन्मतारीख, पत्ता मागू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. जी माहिती घेतलीच नाही, ती सांभाळावी लागत नाही. टोपणनाव पुरे.

पायरी ७: उघडण्याआधी एक परीक्षा

स्पोकन ट्युटोरियलमध्ये धड्याचं लिखाण तयार झालं की रेकॉर्डिंगच्या आधी ते विषय न येणाऱ्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तो अडला, तर चूक लिखाणाची.

तुम्हीही तेच करा. ज्याला काही येत नाही अशा एकाला मोबाइल द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. तो जिथे थांबेल, तिथे खूण करा. असे तीन जण झाले की तुम्हाला कळेल लोगोपेक्षा काय महत्त्वाचं होतं.

साइट सुरू झाल्यावर किती लोक आले हे मोजू नका. पहिला प्रश्न विचारणारे किती जण दुसऱ्यांदा आले, ते मोजा. महिन्यात दहातले चार परत आले, तरी मी म्हणेन पुढे चला.

गृहपाठ

आज रात्री एक वाक्य पूर्ण करा: "माझी साइट ______ साठी आहे, त्याच्याकडे ______ वेळ आणि ______ आहे, आणि तो ______ इथे अडकतो." चारही जागा भरल्या, तर उद्या डोमेन घ्या. एक जरी रिकामी राहिली, तर उद्या पाच जणांना चहाला बोलवा.

तो जीन्सवाला मुलगा आता त्याच्याच कारखान्यातल्या दोघांना हिशोबाचा प्रोग्राम शिकवतोय. मला विचारत होता, साइट निघाली तर त्याला रविवारची पाळी मिळेल का? तुमच्या साइटवर पहिली पाळी अशाच माणसाला द्या.

भेटू पुढच्या धड्यात.