रोजच्या वापरासाठी परवडणारी हायब्रिड सायकल : निवड आणि हिशेब

एकेकाळी सायकल हे पगारदार माणसाचे पहिले वाहन असे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सायकल खरेदीसाठी बिनव्याजी अग्रिम मिळत असे आणि तो पगारातून हप्त्याहप्त्याने वळता होई. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर २०१६ मध्ये ही सवलत बंद झाली. तोवर बहुतेक घरांत मोटारसायकल आलेली होती, त्यामुळे तिच्या जाण्याची फारशी चर्चाही झाली नाही. आज मात्र अनेक नोकरदार पुन्हा सायकलीकडे वळू पाहत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली व त्यांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही एक निमित्त आहेच.

प्रस्तुत लेखात बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम हा भाग डोळ्यांसमोर ठेवला आहे. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेली अनेक कुटुंबे आपली ग्राहक आहेत. शिवाय सायकलीची कसोटी लागेल असे सर्व काही येथे एकत्र सापडते. जुना मद्रास रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार मार्ग येथे भेटतात. लोक ज्याला 'हँगिंग ब्रिज' म्हणतात तो तारांनी तोललेला पूल रेल्वेमार्ग ओलांडतो. टिन फॅक्टरी चौकातील कोंडी तर सर्वश्रुत आहे. के. आर. पुरम ते व्हाइटफील्ड हा १३.७१ किलोमीटरचा मेट्रोमार्ग २५ मार्च २०२३ रोजी सुरू झाला आणि बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा राहिलेला दुवा त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला जोडला गेला. तरीही घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हे अंतर उरतेच. मेट्रोत २०२२ पासून घडीच्या सायकलीस मुभा आहे, पूर्ण आकाराच्या सायकलीस नाही. त्यामुळे आठ-दहा किलोमीटरवर कचेरी असणाऱ्याने सर्व अंतर सायकलीनेच कापायचे ठरवले, तर त्याने कोणती सायकल घ्यावी?

दुकानात साधारणतः तीन जाती समोर येतात. रोड सायकल हलकी व वेगवान असते, परंतु तिचे बारीक टायर आणि वाकलेले हँडल खड्ड्यांच्या रस्त्यावर जाच करतात. डोंगरी सायकलीचे जाड, खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर प्रत्येक पायडलास थोडी शक्ती खातात. हायब्रिड या दोहोंच्या मधली. तिची चाके रोड सायकलीसारखी मोठी, हँडल सरळ, बैठक बरीचशी ताठ आणि टायर मध्यम रुंदीचे असतात. मान वर राहत असल्यामुळे समोरची रहदारी नीट दिसते. आमच्या मते रोजच्या प्रवासात वेगापेक्षा या गोष्टीचे मोल अधिक आहे.

टायरच्या बाबतीत थोडे थांबावयास हवे, कारण येथे पुष्कळांची फसगत होते. टायरच्या कडेवर ४०-६२२ असा आकडा छापलेला असतो. त्यातील ४० ही मिलिमीटरमधील रुंदी आणि ६२२ हा रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास. हायब्रिडच्या टायरवर अनेकदा '२८ इंच' असेही लिहिलेले असते. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींचे टायरही २८ इंचीच म्हणवतात, परंतु त्यांचा व्यास ६३५ असतो. रस्त्यात टायर फाटला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने 'अठ्ठावीसचा आहे' म्हणून तो पुढे केला, तर तो हायब्रिडच्या रिमवर बसणार नाही. म्हणून आकड्याची शेवटची तीन अंके पाठ करावीत. रुंदी ३८ ते ४२ च्या दरम्यान असावी. मेट्रोच्या खोदकामाने उखडलेले रस्ते आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे यांना त्याहून बारीक टायर पुरा पडत नाही.

पुढच्या चिमट्याला स्प्रिंग असावी की नसावी, यावर दुकानात हमखास चर्चा होते. स्वस्त सायकलीतील स्प्रिंगचा चिमटा वजनाला जड असतो, चढावर तो खालीवर होऊन श्रम वाया घालवतो आणि त्याची दुरुस्तीही सोपी नसते. कमी अंदाजपत्रकात साधा, ताठ चिमटा घ्यावा. धक्के सोसण्याचे काम योग्य दाबाचा रुंद टायर पुष्कळ चांगले करतो.

गिअर्सची संख्या हा जाहिरातीचा विषय आहे, गरजेचा नव्हे. या किमतीच्या अनेक सायकलींत पुढे २८, ३८ व ४८ दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या सात चकत्या असतात, म्हणजे सांगावयास २१ गिअर. त्यांचा हिशेब सोपा आहे. ४० मिलिमीटरचा टायर लावलेले चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. पुढे २८ आणि मागेही २८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल तेवढीच सरकते. मिनिटाला ६० फेरे मारल्यास ताशी सुमारे ८ किलोमीटर वेग मिळतो, आणि मागे डबा व लॅपटॉप घेऊन पुलाचा चढ चढण्यास तो पुरे. पुढे ३८ आणि मागे १४ दाते घेतले तर एका फेऱ्यात सुमारे ६ मीटर अंतर जाते आणि मिनिटाला ७० फेऱ्यांनी वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत पोचतो. टिन फॅक्टरीच्या आसपास याहून अधिक वेगाची सोय कोणालाच नाही, मोटारवाल्यांनाही नाही. तेव्हा ४८ ची चकती बहुधा शोभेपुरतीच राहते. पुढे एकच चकती आणि मागे आठ चकत्यांची सायकल मिळाली तर ती जरूर पाहावी. सात चकत्यांच्या स्वस्त रचनेत मागचा संच मधल्या तुंब्यावर आट्यांनी बसवलेला असतो, त्यामुळे आसाचा बराच भाग आधाराविना राहतो आणि जड वजनाखाली तो वाकतो. ज्यांचे वजन अधिक आहे किंवा ज्यांना कॅरिअरवर ओझे न्यावयाचे आहे त्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

ब्रेकमध्ये रिमवर दाबणारा व्ही-ब्रेक आणि चकतीवर दाबणारा डिस्क ब्रेक असे दोन प्रकार आहेत. पावसात डिस्क निश्चित सरस. मात्र अगदी स्वस्त सायकलीवरील डिस्क नावालाच असतात आणि त्या सतत घासत राहतात. चांगल्या प्रतीचे व्ही-ब्रेक कोणत्याही गल्लीतील मिस्त्रीला जुळवता येतात आणि त्यांचे रबरही स्वस्तात बदलता येते.

मापाची चूक मात्र कशानेच भरून निघत नाही. अनवाणी भिंतीशी उभे राहून दोन्ही पायांच्या मध्ये एक पुस्तक वरपर्यंत दाबून धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. सायकलीच्या आडव्या दांड्याची उंची त्याहून तीन ते पाच सेंटिमीटर कमी असावी. सीटवर बसून टाच पायडलावर ठेवल्यास पाय सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहतो. केवळ घरपोच मिळते म्हणून माप न पाहता सायकल मागवू नये. गुडघे दुखू लागले की ती बाल्कनीत कपडे वाळवण्याच्या कामी येते आणि गुंतवलेली सर्व रक्कम बुडते.

आता हिशेब. समजा, सायकल १८,००० रुपयांची घेतली. हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे, कुलूप, मडगार्ड व कॅरिअर यांस ४,००० आणि देखभालीस वर्षाला २,००० धरले, तर पाच वर्षांत ३२,००० रुपये होतात. रोज १६ किलोमीटर आणि वर्षाला २५० दिवस या प्रमाणात दिवसाचा खर्च साडेपंचवीस रुपयांच्या आसपास येतो. हेच अंतर लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीने कापले आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर पाच वर्षांचे नुसते इंधनच सुमारे ४४,४०० रुपयांचे होते. दुचाकीची किंमत, विमा व देखभाल त्याहून वेगळी.

दिवे, हेल्मेट आणि कुलूप यांना 'नंतर पाहू' असे म्हणू नये. अंदाजपत्रक २२,००० चे असेल तर सायकल १८,००० चीच पाहावी. २०२० मध्ये बाह्य वर्तुळाकार मार्गावर खांब रोवून सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा आखला होता, परंतु तो टिकला नाही. सायकलस्वार आजही बसगाड्या व टँकर यांच्याच शेजारून जातो. संध्याकाळी त्याचा मागचा लाल दिवा हाच त्याचा विमा आहे. शक्य तेथे मुख्य रस्ता सोडून हूडी किंवा महादेवपुराकडील आतल्या रस्त्यांनी जावे, मग थोडे अंतर वाढले तरी चालेल.

रक्कम उभी करण्याविषयी बँकेच्या परिवारात वेगळे सांगावयास नको. तरीही दुकानातील 'बिनव्याजी हप्ता' या शब्दांपाशी क्षणभर थांबावे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. अशा योजनेत प्रक्रिया शुल्क, त्यावरील कर किंवा रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सूट यांपैकी कशात तरी व्याज दडलेले असते. दरमहा १,८५० रुपयांची आवर्ती ठेव एका वर्षात २२,२०० रुपये मुद्दल आणि वर थोडे व्याज हाती देते. तोपर्यंत मित्राची सायकल मागून आठवडाभर चालवून पाहावी. रोजचा रस्ता झेपतो की नाही, हे तेव्हाच कळेल.

खरेदीनंतर महिनाभरात सायकल पुन्हा दुकानात न्यावी. नव्या वायर या काळात ताणतात, त्यामुळे गिअर चुकू लागतात आणि ब्रेक सैल होतात. चाकाच्या ताराही बसतात, तेव्हा मिस्त्रीकडून चाकाचा 'आउट' काढून घ्यावा. अनेक दुकाने ही पहिली तपासणी मोफत देतात. पावती घेतानाच तसे तीवर लिहून घ्यावे.