कॅल्शियम वाचणारी प्रथिनं

उंदराच्या मेंदूचे पातळ काप काही तास जिवंत ठेवायचे आणि त्यांतल्या पेशींचे विद्युत्संकेत टिपायचे, हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम. विषय स्मृतीचा, पण दिवसाचा मोठा भाग जातो तो कॅल्शियमच्या मागे. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे.

१. कॅल्शियमच्या गोळीनं पाठांतर सुधारत नाही. लग्नकार्यात माझं काम कळलं की एखादी मावशी विचारतेच, "मग नातवाला नाचणीचं सत्त्व देऊ का गं?" द्या की, हाडांसाठी जरूर द्या. पण रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी काटेकोर सांभाळतात, आणि मेंदूभोवतीच्या द्रवातलं प्रमाण तर त्याहून कमी हलतं. निरोगी मुलाच्या चेतापेशींत गोळीमुळे जास्त कॅल्शियम शिरत नाही. शिरलं तर ते वाईटच. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो तेव्हा पेशींत भसाभस कॅल्शियम घुसतं आणि त्यानंच पुष्कळ पेशी मरतात.

२. कॅल्शियम क्लोराइड शेवटी घालावं. कापांसाठी कृत्रिम मेंदूद्रव तयार करताना आधी त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सोडायचं, मगच कॅल्शियम. क्रम उलटा झाला की द्रावण गढूळ होतं आणि साका खाली बसतो. नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते.

३. पेशीच्या आतली टंचाई मुद्दाम राखलेली असते. विसावलेल्या चेतापेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतं. पेशी ऊर्जा खर्चून ते सतत बाहेर उपसते. म्हणून तर थोडंसं आत आलं तरी लगेच जाणवतं. शिकण्याच्या दृष्टीनं त्याची महत्त्वाची वाट म्हणजे एनएमडीए रिसेप्टर, पेशीच्या आवरणातलं एक दारच. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. अलीकडच्या पेशीनं ग्लुटामेट हा संदेशवाहक रेणू सोडला आणि नेमकी त्याच वेळी पलीकडची पेशीही उत्तेजित असली, तरच तो हटतो आणि कॅल्शियम आत येतं. दोन गोष्टी एकदम घडल्याची खबर पेशीला मिळते ती अशी.

४. आत आलेल्या कॅल्शियमला वाचणारं कुणीतरी लागतं. हे वाचणारं मुख्य प्रथिन म्हणजे कॅल्मोड्युलिन. १९७० मध्ये अमेरिकेत वाई यू च्यूंग आणि जपानमध्ये शिरो काकिउची यांना ते वेगवेगळं सापडलं. प्रथिन चिमुकलं, १४८ अमिनो आम्लांचं, कॅल्शियम धरायच्या जागा चार. मला त्यातली मांडणी विशेष आवडते. एका टोकाच्या दोन जागा कॅल्शियम घट्ट धरून ठेवतात, तर दुसऱ्या टोकाच्या दोन चटकन धरतात आणि चटकन सोडतात. त्यामुळे कॅल्शियम किती आलं याच्याइतकंच ते किती वेगानं आलं हेही या एका रेणूला कळतं.

५. किती वेळ, हा प्रश्न आधी विचारावा. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या कापाला सेकंदाला १०० या गतीनं विजेचे झटके एखादा सेकंद दिले, तर पेशींमधला जोड बळकट होतो आणि तासन्‌तास तसा राहतो. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत हा परिणाम दाखवून १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. आम्ही त्याला एलटीपी म्हणतो. तोच काप, तेच झटके, पण सेकंदाला एक अशा संथ गतीनं पंधरा मिनिटं दिले तर जोड कमकुवत होतो. दोन्ही वेळा आत येतं ते कॅल्शियमच, आणि वाचतं कॅल्मोड्युलिनच. पण हळूहळू, थोडं थोडं आलं तर ते कॅल्सिन्युरिन या विकराला जागं करतं, आणि कॅल्सिन्युरिन इतर प्रथिनांवरचं फॉस्फेट काढून टाकतं. एकदम भरपूर आलं तर कॅमकेटू हे दुसरं विकर जागं होतं, ते फॉस्फेट चढवतं.

या कॅमकेटूचे १२ घटक सहा-सहांच्या दोन कड्यांत बसलेले असतात. झिम्म्याच्या फेरात शेजारणीनं शेजारणीला टाळी द्यावी तसा एक घटक शेजारच्या घटकाच्या २८६व्या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतो. मग कॅल्शियम निघून गेलं तरी तो घटक काही काळ चालूच राहतो. अशी साखळी आठवण टिकवत असेल, ही कल्पना जॉन लिस्मन यांनी १९८५ मध्येच मांडली होती. पाठ्यपुस्तकं तिला 'स्मृतीचं बटण' म्हणतात. मला ते चित्र जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. एकेका सिनॅप्समध्ये, म्हणजे पेशींमधल्या एकेका जोडात, पाहिलं तर हे चालूपण मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. शिवाय २०२३ मधल्या कामातून असं दिसलं, की एलटीपी सुरू होण्यासाठी कॅमकेटूनं फॉस्फेट चढवण्यापेक्षा एनएमडीए रिसेप्टरला जाऊन चिकटणं महत्त्वाचं आहे.

६. कापावरून एकदम आठवणीवर उडी मारू नये. काप काही शिकत नाही. तिथं उंदीरच लागतो. १९९२ मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत अल्सिनो सिल्वा यांनी कॅमकेटूचा अल्फा घटक नसलेले उंदीर तयार केले. गढूळ पाण्याच्या हौदात बुडालेला ओटा आसपासच्या खुणांवरून शोधायची परीक्षा त्यांना जड गेली. १९९८ मध्ये तर फक्त ते २८६वं अमिनो आम्ल बदललं गेलं. प्रथिन जागेवर होतं, एका अमिनो आम्लाचा फरक होता, आणि त्या उंदरांनाही ओटा कुठे आहे ते शिकता येईना. माझ्या मते या विषयातला सगळ्यात साफ प्रयोग हाच.

७. मोजायचं साधनही कॅल्शियम खातं. जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कॅल्मोड्युलिनच हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून जीकॅम्प बनवलं. कॅल्शियम आलं की पेशी उजळते. आता पळत्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये शेकडो पेशी लुकलुकताना दिसतात, आणि पाहुण्यांना आम्ही तेच दाखवतो. पण पेशीत जीकॅम्प फार झालं तर तेच कॅल्शियम धरून बसतं आणि पेशीचा मूळ कारभार बिघडतो. ज्या पेशीचं केंद्रकसुद्धा हिरवंगार भरलंय, ती सहसा आजारी असते. पडद्यावर तीच सगळ्यात ठळक दिसते, म्हणून नवे विद्यार्थी नेमकी तीच निवडतात, आणि मी ती मोजणीतून काढायला लावते.