गाठ गेली, मूळ राहिलं

मेकॅनिकलचा विद्यार्थी कॅन्सरवर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. कारण घरचंच आहे.

ब्राह्मणपुरीला आमचे आबा आयुष्यभर बिडी ओढत. लघवी लाल होऊ लागली, पण दुखत नव्हतं. म्हणून 'उष्णता झाली' म्हणत त्यांनी सहा महिने काढले. तपासणीत मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. केमोथेरपीने गाठ आकसली, आम्ही पेढे वाटले. काही महिन्यांत ती पुन्हा वाढली. आबा म्हणाले, "लव्हाळ्यासारखं झालं रे हे. वरून खुरपलं, खाली गाठी तशाच."

नंतर वाचलं तेव्हा कळलं, आबा बरोबर बोलले होते. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. त्यातल्या थोड्या पेशी स्वतःसारख्या पेशी बनवतात आणि बाकीची गाठही उभी करतात. या कर्करोगाच्या मूलपेशी. १९९४ साली टोरांटोत रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या दिसल्या. २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट यांच्या गटाला अंडाशयाच्या, तर इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अशा पेशी सापडल्या. २००९ मध्ये मूत्राशयाचा नंबर लागला.

केमोथेरपी मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. मूलपेशी बऱ्याचदा सुस्त पडून असतात, म्हणून वाचतात. गंमत पुढेच आहे. लव्हाळ्याच्या गाठींची साखळी तुटली की झोपलेल्या गाठीही फुटतात. २०१५ साली अमेरिकेतल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधकांना मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये जवळपास हेच दिसलं. केमोने मरणाऱ्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन सोडतात. जखम भरताना शरीर हाच निरोप वापरतं. त्याने मूलपेशी जाग्या होऊन दोन डोसांच्या मधल्या काळात गाठ पुन्हा भरून काढतात. सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाने हा निरोप अडवल्यावर उंदरांमध्ये केमोचा परिणाम वाढला.

हा उंदरांवरचा प्रयोग आहे, माणसांसाठी ठरलेला उपचार नव्हे. तेव्हा कुणी मनाने गोळ्या घेऊ नयेत! पण दिशा पटते. गाठ किती आकसली एवढंच मोजून भागणार नाही, मागे काय उरलं तेही बघायला हवं.

आबा आता नाहीत. तुमच्या घरात कुणाच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तर दुखायची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.