जन्मजात तीव्र ऱ्हस्वदृष्टी : चष्म्यापलीकडची काळजी

बाळ खेळणे अगदी डोळ्यांशी धरते, झाडावरचा पक्षी दाखविला तर भलतीकडेच पाहते, अंगणात वारंवार ठेचकाळते. पुष्कळदा घरची मंडळी त्यास ‘वेंधळेपणा’ समजतात. जन्मापासून जग धूसरच पाहिलेल्या बालकाला इतरांना याहून निराळे दिसते हे ठाऊकच नसते. म्हणून ते तक्रार करीत नाही. जन्मजात तीव्र ऱ्हस्वदृष्टी दुर्लक्षित राहण्याचे हेच मुख्य कारण होय.

डोळ्यात नेमके काय घडते?

नवजात बालकाच्या डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. प्रौढपणी ती २३ ते २४ मिलिमीटर होते. या विकारात नेत्रगोल वयाच्या मानाने अधिक लांब असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या पुढेच पडते. उणे ६ वा त्याहून अधिक क्रमांक असल्यास ऱ्हस्वदृष्टी तीव्र समजतात. उणे १० क्रमांकाच्या डोळ्याला चष्म्याविना फक्त १० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम अर्ध्या वितीपर्यंत, स्पष्ट दिसते.

काही बालकांत हा दोष आनुवंशिक असतो. काही आनुवंशिक प्रकारांची शक्यता नात्यातील विवाहांमुळे वाढते. अपुऱ्या दिवसांच्या बालकांतही तो आढळतो.

चष्मा का व केव्हा?

दृष्टी ही डोळ्याइतकीच मेंदूची शक्ती आहे. बालपणी मेंदूस स्पष्ट प्रतिमा मिळाली नाही तर तो पाहण्यास शिकत नाही आणि डोळा ‘आळशी’ होतो. सात-आठ वर्षांनंतर ही उणीव भरून काढणे कठीण जाते. अक्षरओळख नसलेल्या तान्ह्या बाळाचाही क्रमांक काढता येतो. थेंब घालून बाहुली मोठी करतात व प्रकाशाच्या साहाय्याने तपासतात. लहानपणी चष्मा लावल्याने क्रमांक वाढतो, हा गैरसमज आहे. मुलीच्या लग्नाच्या चिंतेने तिचा चष्मा टाळणे, हा तर तिच्यावर अन्यायच होय.

चष्मा लावला, तरी...

चष्म्याने प्रतिमा स्पष्ट होते. लांबलेला डोळा आखूड होत नाही. ताणामुळे पडदा व त्याखालील रक्तवाहिन्यांचा थर विरळ होतो, कडेस छिद्रे पडू शकतात व पडदा सुटू शकतो. पुढील आयुष्यात काचबिंदू व अकाली मोतीबिंदूचा धोकाही अधिक असतो. म्हणून वर्षातून किमान एकदा पडद्याची तपासणी आवश्यक आहे. डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे वाटणे, एकाएकी काळे ठिपके वाढणे किंवा एका बाजूने सावली येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

आपल्या जिल्ह्यापुढील प्रश्न

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे. परंतु गंगाखेड, पालम, सोनपेठ आदी भागांतून अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. आई-वडिलांबरोबर गेलेले मूल तपासणीच्या दिवशी गावात नसते. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत त्याची दृष्टी कोण तपासणार? पाडव्याच्या सुमारास ही कुटुंबे परततात. तेव्हापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंतचे दिवस अशा बालकांच्या तपासणीस सर्वांत सोयीचे आहेत, असे आम्हांस वाटते.

पालकांस आमची विनंती आहे, की मूल शाळेत जाण्यापूर्वी त्याचे डोळे एकदा अवश्य तपासून घ्यावेत. दात्यांच्या ध्यानी एवढेच आणून द्यावेसे वाटते, की वाढत्या बालकाचा चष्मा वारंवार बदलावा लागतो व मजुरी करणाऱ्या कुटुंबास तो खर्च झेपत नाही. वेळेवर मिळालेला एक चष्मा एका बालकाला फळ्यावरचे अक्षर दाखवितो. नियमित तपासणी त्याची ती दृष्टी पुढे आयुष्यभर जपण्यास साहाय्य करते. या दोन्ही कामांत आपला हातभार लागावा, ही नम्र प्रार्थना.