ताशी पन्नासने तंजावर

आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आरसी बुकात कंपनीचं नाव अजून 'बजाज टेम्पो' आहे, म्हणजे २००५मध्ये आकुर्डीची ही कंपनी फोर्स मोटर्स झाली त्याच्या आधीची. आधी ती शाळेची मुलं ने-आण करायची. आम्ही घेतल्यावर मागची बाकं निघाली आणि भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरने आत पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून दिली. दिवाळीच्या सुट्टीत तीच घेऊन आम्ही पाचजण पुण्याहून तंजावरला गेलो: नवरा, मी, सासूबाई, बी.ए.ला इतिहास शिकणारी लेक आणि आठवीतला मुलगा. तेव्हापासून 'कसा झाला प्रवास?' असं ज्याने त्याने विचारलं. दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

१. वेग कमी झाला की अंतर खरं वाटायला लागतं. पुणे-बंगळूर साधारण ८४० किलोमीटर. रात्रीच्या बसने झोपेत जाता येतं, विमानाने तर निघालो-पोचलो. आमची गाडी ताशी पन्नास-पंचावन्नच्या वर नेली की कपाटातली भांडी बोलायला लागतात, म्हणून तोच आमचा वेग ठरला. खंबाटकीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. सगळ्यांचे डोळे टेम्परेचरच्या काट्यावर. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर विसंबू नका, हे आम्हाला गाडीच्या जुन्या ड्रायव्हरकाकांनी बजावून सांगितलं होतं आणि ते शब्दशः पाळलं. अशा चालीने जाताना नद्या दिसतात. मुलाने वहीत ओळीने लिहून ठेवल्या: नीरा, कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा, हरिहरजवळ तुंगभद्रा. या रस्त्याने मी आधीही गेले होते. पण आपण इतकी पाणी ओलांडून दुसऱ्या मुलखात जातो, हे त्या वहीतली यादी वाचेपर्यंत मनात उतरलं नव्हतं.

२. गाडीत पलंग बसवणं हे आधी कायद्याचं काम आहे, मग सुताराचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी हवी आणि आरसीवर तशी नोंद हवी. शिवाय खासगी गाडीला १५ वर्षं झाली की तपासणी करून पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, आणि मग दर पाच वर्षांनी तेच. संगम पुलाजवळच्या कार्यालयात नवऱ्याने बरेच हेलपाटे घातले. कर्नाटक आणि तमिळनाडूत गाडी अडवली गेली तेव्हा त्याने शांतपणे फाइल पुढे केली आणि आम्ही पुढे निघालो. यावर आणखी लिहिण्यासारखं नाही, पण हे केल्याशिवाय कुणी निघू नये असं मला मनापासून वाटतं.

३. मुक्काम कुठे करायचा हे बाईच्या सोयीने ठरतं, आणि तसंच ठरावं. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. धोरणं चांगलीच आहेत. मात्र संध्याकाळी सहा वाजता अनोळखी तालुक्यात रात्रीची जागा शोधताना कामी आली ती सासूबाईंची पद्धत. पेट्रोल पंप आला की त्या आधी उतरायच्या, स्वच्छतागृह बघून यायच्या, नळाला पाणी आणि आतून कडी आहे का ते तपासायच्या आणि मग हात वर करायच्या. हात वर झाला तरच गाडी लागायची. त्यानंतर पंपाच्या मॅनेजरला विचारायचं, दिव्याच्या उजेडात, ट्रकांच्या रांगेपासून जरा बाजूला जागा मागायची. वयस्क बाई सोबत आहे म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नसत. गॅसचा छोटा सिलिंडर पंपाच्या आवारात कधीच उघडला नाही. संध्याकाळचा कुकर आम्ही वाटेत एखाद्या देवळाच्या मोकळ्या पटांगणात, दारं उघडी टाकून, लावून घ्यायचो. मुगाची खिचडी, मेतकूट, पापड आणि डब्यातला फराळ. रात्री पंपावर फक्त झोप.

४. जुनी गाडी अनोळखी माणसांशी ओळख करून देते. आमच्या गाडीत मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने बनलेलं ओएम ६१६ जातीचं डिझेल इंजिन आहे. चार सिलिंडर, साधा यांत्रिक पंप, कॉम्प्युटर नाही. हेच इंजिन ट्रॅक्सलाही असायचं आणि कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांत ट्रॅक्स सगळीकडे धावलेल्या, त्यामुळे या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री कुठेही सापडतो. चित्रदुर्गाच्या अलीकडे एका चढावर गाडी गचके देत थांबली. मागून नामक्कलचा एक ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, स्टार्टर मारायला लावला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, ''एअर.'' आमच्यात दुसरी सामाईक भाषा नव्हती. त्याने डिझेल फिल्टरवरचा नट पान्याने अर्धा आटा सैल केला आणि माझ्या मुलाचा हात धरून हातपंपाच्या बोंडावर ठेवला. मुलगा दाबत राहिला. नटाच्या कडेने आधी फेस आला, मग फेस आणि डिझेल, मग बुडबुडे विरळ होत गेले आणि शेवटी स्वच्छ, सलग धार. त्या क्षणी त्याने नट आवळला आणि हात पुसत नवऱ्याला खूण केली. गाडी चालू झाली. त्याने पैसे घेतले नाहीत, चकल्या घेतल्या. त्यानंतर परतेपर्यंत रोज सकाळी तेल-पाणी मुलानेच तपासलं. या वर्षभरात त्याला कुठल्याही शिकवणीत मी इतका रमलेला पाहिला नव्हता.

५. घरातल्या माणसाचा अर्धा भाग आपल्याला माहीत नसतो. सासूबाई मूळच्या निपाणीच्या, हे मला लग्न ठरलं तेव्हापासून ठाऊक होतं. त्यांना कानडी येतं हेही. पण येतं म्हणजे काय, हे संकेश्वरला भाजी घेताना कळलं. भाजीवालीने भाव सांगितला, सासूबाईंनी काहीतरी उत्तर दिलं आणि ती बाई टोपल्यावर हात आपटून खदाखदा हसली. मग दोघी बोलतच राहिल्या. घरी त्यांचा आवाज हळू असतो, वाक्य अर्ध्यावर सोडायची सवय असते. इथे त्या भराभर, ठसक्यात, हातवारे करत बोलत होत्या. मुलं तोंड उघडं टाकून बघत होती. पुण्यात आल्यावर कानडी बोलायला कुणी नव्हतं, एवढंच त्यांनी नंतर सांगितलं. पुढे हुबळी, हावेरी, दावणगेरे, जिथे जिथे थांबलो तिथे बोलणी त्यांनीच केली. मी इतकी वर्षं त्यांना कमी बोलणाऱ्या समजत आले होते. त्या कमी बोलत नव्हत्या, त्यांच्या भाषेतलं आमच्याकडे कुणी नव्हतं. हे सुचायला मला त्यांच्याबरोबर एवढ्या लांब यावं लागलं याचं वाईट वाटतं.

६. पुणे-बंगळूर हा एका घराचा रस्ता होता. दावणगेऱ्याहून आत वळलं की चन्नगिरी तालुक्यात, सुपारीच्या बागांच्या मुलखात, होदिगेरे लागतं. शहाजीराजांचा मृत्यू इथला, जानेवारी १६६४मधला. शिकारीत घोड्यावरून पडून. त्यांची साधी दगडी समाधी आहे. रायगडावर माणसांचा लोंढा असतो, इथे आम्ही पाचजण आणि एक राखणदार. लेक समाधीपाशी बसून धाकट्या भावाला सांगत होती: १६३६च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले, पुढे बंगळूर त्यांचं ठाणं झालं, आणि जिजाबाई शिवाजीराजांना घेऊन पुण्याला. म्हणजे बाप त्या टोकाला, मुलगा या टोकाला. ज्या अंतराने आमच्या पाठी धरल्या होत्या, त्या अंतरावरून त्यांचा संसार चालला होता, निरोप जायचा तोही घोड्यावरून. शाळेत हे सगळं मी पाठ केलं होतं. पण घर म्हणून त्याचा विचार त्या सुपारीच्या सावलीत केला. लेकीला पुढच्या वर्षी एम.ए.साठी बंगळूरला जायचं आहे. आम्ही दोघींनी तो विषय तिथेच, उघडपणे, पहिल्यांदा बोलून घेतला. एरवी घरी तो निघाला की मी उठून स्वयंपाकघरात जायचे.

७. पावसाचं वेळापत्रक आपल्या गावापुरतंच असतं. दसरा झाला की पाऊस संपला, असं पुण्याच्या माणसाला जन्मापासून वाटतं. तमिळनाडूत ईशान्य मोसमी वारे तेव्हा कुठे सुरू होतात. तिथल्या वर्षभराच्या पावसापैकी जवळजवळ निम्मा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पडतो. वेल्लोरला रात्री छताच्या झडपेतून धार लागली ती नेमकी मुलाच्या पलंगावर. सकाळी बाजारातून ताडपत्री आणि एमसील आणलं. पण त्या रात्री सगळे दोन पलंगांवर दाटीवाटीने, उशाशी पातेलं ठेवून जागे बसलो होतो. सासूबाईंनी निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींच्या गोष्टी काढल्या. नवरा त्यांचा मुलगा, पण त्यानेही त्यातल्या बऱ्याचशा पहिल्यांदाच ऐकल्या.

८. एवढ्याशा जागेत भांडण लांबत नाही. रागावून जायला दुसरी खोलीच नसते. बंगळूरच्या वाहतुकीत नवरा आणि मी चांगलेच कडाडलो. पुढे सिग्नलला मला मागचा डबा हवा होता आणि तो त्याच्या पायापाशी होता, तेवढ्यावर ते मिटलं.

९. हरलेल्या आणि तगलेल्या माणसांच्या जागा बघायला जायला हवं. जिंजीचं नाव आता जास्त लोकांना माहीत झालं आहे, कारण २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा तो एकच. राजगिरीचा डोंगर खालून बघितला आणि आम्ही सगळे गप्प झालो. १६८९मध्ये संभाजीराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज वेश पालटून, केळदीच्या राणी चेन्नम्मांच्या मदतीने इथवर आले. झुल्फिकारखानाने १६९०मध्ये घातलेला वेढा १६९८पर्यंत चालला. आम्ही चांगल्या रस्त्यावरून, झोपायला गादी असताना, थकून पोचलो होतो. ते पाठलाग चुकवत आले होते आणि आल्यावर राज्य चालवलं. सासूबाई वर चढू शकत नव्हत्या, मी त्यांच्याबरोबर खाली कल्याण महालापाशी थांबले. मुलं वरून येईपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं, ''इतक्या लांब? बायकामुलं मागे ठेवून?''

१०. घर बरोबर घेऊन निघणारे आपण पहिले नव्हे. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय बघितलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी ते वाढवलं, तमिळ, संस्कृत, मराठी, तेलुगू पोथ्यांचा तिथे डोंगर आहे. हेच राजे १८२०मध्ये काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर सुमारे ३,००० माणसं होती. म्हणजे स्वयंपाकी, पाणके, वैद्य, जनावरं, तंबू, आणि रोज संध्याकाळी हाच प्रश्न: आज उतरायचं कुठे, पाणी कुठलं? ग्रंथालयाच्या थंडगार दालनात ते वाचताना मला त्या तळावरच्या बायकांची फार आठवण झाली, ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. त्याच राजांनी १८०३मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाची हकिकत मराठीत कोरून घेतली. ती देवनागरी अक्षरं भिंतीवर लांबच लांब जातात. राजराज चोळाचं हजार वर्षांचं देऊळ, आजूबाजूला सगळं तमिळ, आणि मध्येच आपल्याला वाचता येणारी भिंत. सासूबाई चष्मा पुसून एकेक ओळ वाचत सरकत होत्या, अडलं की लेकीला विचारत होत्या. ऊन वाढलं, पाय भाजायला लागले, तरी त्या हलेनात. आम्हीही घाई केली नाही.

११. पुढचा प्रवास आधीचा संपायच्या आतच ठरतो. परतीला धारवाडच्या पुढे लेकीने नकाशा काढला: धार, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी. मुलाला त्याआधी गाडीचे चारही हीटर प्लग स्वतः बदलायचे आहेत, म्हणजे थंडीत पहाटे गाडी एका झटक्यात चालू होईल. नवरा छतावरची झडप काढून तिथे पत्रा मारायचा म्हणतो, मला तिथली हवा हवी आहे, तेव्हा तो वाद चालू आहे. सासूबाई उत्तरेला यायला तयार आहेत. त्यांची अट एकच: त्याआधी गाडी एकदा निपाणीला न्यायची, चांगले चार दिवस, आणि तिथे त्या बोलणी करताना कुणी मध्ये तोंड घालायचं नाही.